धरणीचा पायगुण

मार्च लागला की मला राग यायला लागतो. बारावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका समोर येतात, मी लाल पेन घेऊन बसते, आणि हमखास एक तरी प्रश्न भूकंपाचा असतो. राग चुकीच्या उत्तरांचा येत नाही. चुकीचं लिहिणारी पोरं बिचारी घाबरलेली असतात, कुठलं तरी उत्तर कुठं तरी जोडतात, त्यांची कीवच येते. मला राग येतो तो बरोबर उत्तरांचा. समुद्राच्या तळाशी भेगेतून शिलारस वर येतो, थिजतो, नवं कवच तयार होतं. ते दोन्ही बाजूंना सरकतं. दुसरीकडं जुनं कवच गर्तेत बुडतं, वितळतं, पृथ्वीच्या पोटात परत जातं. आकृती काढलेली, बाण दाखवलेले, खाली पट्टीनं रेघ मारलेली. पूर्ण गुण. आणि मी तो आकडा लिहिताना दात आवळते, कारण मला ठाऊक असतं की यातली निम्मीअधिक पोरं जमीन खरंच हलली त्या दिवशी घरातल्या मोठ्यांच्या तोंडाकडं बघतील आणि गप्प बसतील.

हे मी बघितलेलं आहे. माझ्याच बारावीच्या साली, माझ्याच घरात.

शेलूबाजारहून आत गेलं की आमचं गाव लागतं. त्या वर्षी माघात दादाचं लग्न झालं होतं. दादा बीएस्सी अॅग्री, शेलूबाजारात त्याचं बी-बियाण्याचं दुकान. वहिनी कारंज्याची. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, पण पोरीला त्यांनी अमरावतीला ठेवून शिकवलं होतं, आणि तिनं विषय घेतला होता भूशास्त्र. गावात हा शब्द कोणी ऐकलेलाच नव्हता. लग्नानंतर तिच्या सामानातली एक लोखंडी पेटी उचलताना आमच्या गड्याची कंबर धरली. पेटी उघडली तर आत दगड. काळा फत्तर, पांढऱ्या गारगोट्या, विहिरीच्या खोदकामात निघतात तसले हिरवट स्फटिक, एकेक कागदात गुंडाळलेला. आळीतल्या बाया आठवडाभर हसत होत्या. "माहेराहून सोनं आनतेत, इनं गोटे आनले व माय!" दादाला मात्र तेव्हा अभिमान होता. दुकानावर गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या घरचे जिऑलॉजीवाले हायेत."

तो अभिमान मला आठवतो म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

परीक्षेच्या आधीचे दिवस आमच्याकडं मोठे देखणे असतात. हे मी रागातही कबूल करते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळस पेटलेला असतो. हरभरा काढणीला आलेला, त्याची आंब बोटांना लागून कातडी चरचरते. गव्हाच्या ओंब्या वाळत आल्या की वाऱ्याचा आवाज बदलतो, कोरडा होतो. मी अंगणात बाजेवर पुस्तकं पसरून बसायची. वहिनी हळदीचे हात सुकले न सुकले तोच कामाला लागली होती, पण येता-जाता माझ्या वहीत डोकावून जायची. एकदा मी घोकत होते, "भूपट्ट म्हणजे...", ती परातीत कणीक घेऊन थांबली. म्हणाली, "घोकून काय राह्यली? इकडं ये चुलीपाशी."

चुलीवर गंजात, आमच्याकडच्या उभट पातेल्यात, दूध होतं. मधोमध उकळी फुटत होती. साय तिथून फाटत होती आणि कडेला जाऊन गोळा होत होती, सुरकुतत होती.

"मधातून खालची ऊब वर येते, थे पाह्य. सायीले बाजूले ढकलते. कडेले ढकलाढकली झाली की सुरकुत्या पडतेत. आपला हिमालय म्हंजे थे सुरकुती. आपल्या देशाचा पट्टा दरसाल दोनतीन बोटं उत्तरेकडं सरकून राह्यला."

"अन् बुडते ते?"

"तिथं साय उपयोगाची नाही. साय हलकी, बुडत नाही. समुद्राखालचं कवच थंड होता होता जड होते, मंग ते दुसऱ्याच्या खाली घुसते अन् पोटात जाते. एका अंगानं धरती नवी होते, दुसऱ्या अंगानं जुनी गिळून टाकते. म्हनून ते ना वाढत, ना घटत."

दूध उतू गेलं. आई ओरडली. वहिनी हसत फडकं घेऊन धावली. मला भूपट्ट त्या दिवशी समजले ते आजतागायत.

नंतरच्या एका दुपारी पहिला धक्का आला. आधी आवाज झाला, पोटातून आल्यासारखा, गुडगुड. विहिरीच्या कामावर सुरुंग लावतात तसा. मला वाटलं कोणाची तरी विहीर चालू आहे. मग मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून वाजली, एक पेला खाली येऊन घरंगळत माझ्या पायाशी आला. बाजेखालची कोंबडी फडफडत बाहेर पळाली. एवढंच. बाहेर येऊन पाहते तर सगळी आळी रस्त्यावर. पडलं कोणाचंच काही नव्हतं, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तेवढी एक बारीक भेग गेली होती. दोन दिवसांनी पुन्हा झालं, जरा कमी. मग गावानं संसार अंगणात आणला. चुली बाहेर, बाजा बाहेर, म्हातारी माणसं पारावर.

भीती वाटणं मी समजू शकते. पायाखालचं जे हलू नये ते हललं की माणूस घाबरणारच. मीही घाबरले होते. वहिनी एकटी तेवढी घाबरली नव्हती, उलट तिच्या डोळ्यांत एक चमक होती, आणि तिथंच तिचं चुकलं असेल. आळीतल्या बाया आमच्या अंगणात जमल्या होत्या. वहिनी त्यांना समजावत होती की आपण भूपट्टाच्या काठावर नाही, मधोमध आहोत. काठावर जो रेटा बसतो त्याचा ताण दगडातून आतवर येतो, जुन्या भेगेपाशी दगड जरासा सरकतो आणि मोकळा होतो. मोठं काही होईलच असं नाही, पण पडक्या भिंतीजवळ झोपू नका. तिनं पेटीतला काळा फत्तर आणून दाखवला. "आपली काळी जमीन याचीच झाली. हाबी एकेकाळी पातळ होता, रसासारखा. कोट्यवधी वर्षं झाली."

तेव्हा आत्या बोलली. बाबांची मोठी बहीण, विधवा, आमच्याकडंच राहायची. घरात तिचा शब्द बाबाही मोडत नसत.

"इतके वर्षं हे जमीन इथंच हाय न व बाई? माह्या बापाच्या वक्ती नाही हालली. माह्या भावाच्या वक्ती नाही हालली. माघात सून आली अन् फागनात धरती हालली. तुह्या पोथीत याचं काय लिवलं हाय?"

कोणी तरी खोकलं. कोणी तरी पदर तोंडाशी नेला. आणि मग तो शब्द आला, जो सगळ्यांच्या मनात आधीपासून होता आणि जो उच्चारायला आत्यासारखं माणूस लागतं. पायगुण.

एका शब्दानं काम झालं. कोट्यवधी वर्षं सरकणारे खंड, समुद्राच्या तळाशी फाटणारी जमीन, हिमालय, सगळं एका पोरीच्या दोन पायांखाली आणून ठेवलं. मेंदी अजून पुरती उतरली नव्हती त्या पायांवरची. वहिनीनं पायांकडं पाहिलं, मग आत्याकडं, आणि ती हसली. खरंच हसू आलं तिला. "आत्याबाई, मी येवढी मोठी हाओ का व, की माह्या पायानं धरती हालन?"

हसायला नको होतं, असं नंतर सगळे म्हणाले. हालली ती जमीन, आणि गुन्हा ठरला तो हसण्याचा.

मग तिनं दादाकडं वळून पाहिलं. दादा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा होता. "तुमी सांगा न. तुमी तं शिकले हा. माती शिकले, दगड शिकले. तुमीच सांगा यायले."

मी बाजेवरून दादाचा चेहरा बघत होते. त्याला सगळं माहीत होतं. त्याच्याच जुन्या पुस्तकातून मी अभ्यास करत होते, त्याच्याच अक्षरात समासात लिहिलेलं होतं. तो भिंतीतल्या भेगेवरून बोट फिरवत राहिला, जणू ती भेग आत्ताच बुजवायची होती. म्हणाला, "जाऊ दे न. जुन्या लोकायले काय समजते. आपन कायले तोंड वाजवाचं."

आत्यावर माझा राग आहे, पण तो तसा जुनाट, कोरडा राग आहे. तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिच्याही पायगुणाचीच चर्चा झाली असणार, आणि आयुष्यभर अंगावर घेतलेला तो शब्द तिनं दुसरीच्या अंगावर टाकला. दादाचं तसं नव्हतं. ज्याला कळत नाही तो फार तर अंधारात धक्का देतो. ज्याला कळतं आणि जो भेगेवरून बोट फिरवत राहतो, त्याचं काय करायचं? आजही जमिनीची गुडगुड झाली की आमच्या घराण्याच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ग्रहदशा फिरते, अमुक मंत्र म्हणा, तमुक रंगाचं वस्त्र घाला. पाठवणारे इंजिनियर असतात. खाली हात जोडणारे डॉक्टर असतात. कोणी एक ओळ लिहीत नाही. सगळे आपापल्या भेगेवरून बोट फिरवत बसलेले.

गावात ठरलं ते असं. सुनेनं भर दुपारी अनवाणी शिवेवर जायचं, धरणीची ओटी भरायची आणि नाक घासून माफी मागायची. चार म्हाताऱ्यांनी हे बाबांना सांगितलं, आणि बाबांनी जेवताना, ताटाकडं बघत, वहिनीला सांगितलं. आवाज वाईट नव्हता त्यांचा. एखादा काटा काढून टाकावा तसं म्हणाले, "पाच मिनटाचं काम हाय, बाई. करून टाक. लोकायचं तोंड बंद होईन."

वहिनी वाढता वाढता थांबली. "ओटी भराले काही हरकत नाही, मामाजी. धरतीची ओटी मी रोज भरीन. पन माफी कायची? मी काय केलं?"

"केलं नाही ग. म्हनाचं फक्त."

"नाही म्हननार."

असं कोणी आमच्या घरात बोललं नव्हतं. दोन दिवस चूल पेटली पण बोलणं विझलं. तिसऱ्या दिवशी सकाळी असं ठरलं की वहिनीनं काही दिवस माहेरी जावं, वातावरण निवेपर्यंत. दादानं मोटरसायकल काढली, शेलूबाजारला सोडलं, आणि कारंज्याच्या गाडीत बसवून दुकान उघडायला गेला. निघताना वहिनी माझ्यापाशी आली. रडलेली नव्हती. म्हणाली, "गर्तेचा भाग राह्यला तुहा. स्वतः वाच. येते तुले." पेटी नेली नाही. दगड आमच्या घरातच राहिले.

माझी परीक्षा सुरू झाली. मंगरूळपीरचं केंद्र, सकाळची जीप, मांडीवर पॅड. इतिहासाच्या पेपराला मी कुठल्या तरी तहाची कलमं लिहीत होते आणि बाक थरथरला. पुढच्या मुलीची शाईची बाटली लवंडली. आमच्यावर देखरेख करणारे सर 'शांत बसा, शांत बसा' असं म्हणत सगळ्यांच्या आधी दाराबाहेर गेले. एरवी मी हसून लोळले असते. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजत होती: वहिनी कारंज्याला आहे. वहिनी इथं नाही. तिचे पाय तिकडं आहेत आणि जमीन इकडं हलली. याहून स्पष्ट पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार होता?

मी जीपमधून उतरून घरापर्यंत पळत गेले. आळीतल्या बाया पुन्हा अंगणात होत्या. मी धापा टाकत म्हणाले, "आता? आता कोनाचा पायगुण?"

आत्यानं तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं. "जातानी तळतळाट ठेवून गेली न. मनातून गेली नाही थे."

मला वाटलं मी किंचाळेन. पुरावा आला आणि त्यांनी तो चावून गिळून टाकला! असली तर तिच्यामुळं, नसली तरी तिच्यामुळं. या शब्दाला कुठूनही बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. मी तोंड उघडलंही होतं, पण माझ्याआधी दुसरंच कोणी बोललं.

आई. इतके दिवस ती भाकरी थापत होती, झाडत होती, ताटं उचलत होती. तिच्या हातात तेव्हा सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"थे तं कारंज्याले हाय, वन्सं. आता कोनाले पाठोता? मले पाठवा. मी बी या घरात सून म्हनूनच आली. नाही तं तुमी जा. तुमी बी बाहेरूनच आल्या परत."

आत्याचा चेहरा बघवेना. आई बाबांकडं वळली. "पोराले घेऊन चाला कारंज्याले. नाही तं मी येकटी जाते येस्टीनं."

माझा शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही गेलो. आई, बाबा, दादा, मी. कारंज्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती. वहिनीच्या वडिलांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि पोरीच्या बाजूला भिंतीला टेकून बसले. त्यांचं ते बाजूला बसणं मी विसरले नाही. बाबांनी घसा खाकरला, झालं गेलं वगैरे म्हणाले. दादा म्हणाला, "चाल. मी कधी तुले काही म्हनलं का?"

"नाही म्हनलं," वहिनी म्हणाली. "थेच तं."

ती यायला तयार होती. पण तिची एक अट होती. दादानं पारावर, लोकांसमोर सांगायचं की जमीन कशानं हालते.

"लोकायले सांगून काय होनार हाय?" दादा वैतागून म्हणाला. "त्यायले काय फरक पडते?"

"त्यायले पडो न पडो. तुमाले काय होते थे पाहाचं हाय मले."

दादा शेवटी हो म्हणाला. तिला घेऊन परतलो तो हनुमान जयंतीचा दिवस होता. सकाळचा जन्म झालेला, पारावर प्रसाद वाटला जात होता, सारा गाव तिथं. आम्ही जीपमधून उतरलो. वहिनी पिशवी खांद्याला लावून पाराच्या पायरीपाशी उभी राहिली, पुढं गेली नाही. दादा वर चढला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. दुकानात शेकडो माणसांशी बोलणारा माझा भाऊ, त्याचा आवाज निघेना. काही तरी पुटपुटला, पट्टा, दगड, ताण, असं.

"ऐकू नाही आलं," वहिनी खालून म्हणाली.

पोरं हसली. दादा लालबुंद झाला. पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं.

"मांघच्या लोकायले ऐकू नाही आलं."

तेव्हा दादाला राग आला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. कोणावर आला ठाऊक नाही, तिच्यावर, गावावर, स्वतःवर. पण तो ओरडला. "जमीन आपोआप हालते! खाली धरतीचे पट्टे सरकतेत म्हनून हालते! लाखो वर्षं झाले, सरकूनच राह्यले! माह्या बायकोच्या पायाचा काही संबंध नाही! मले मालूम होतं! पह्यल्या दिवसापासून मालूम होतं, अन् मी बोललो नाही!"

शेवटचं वाक्य त्याला सांगायचं नव्हतं. ते आपणच बाहेर आलं. प्रसादाचं ताट धरलेला माणूस तसाच थांबला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी माफी मागितली नाही, कोणाचं मत बदललं असंही मला वाटत नाही. आत्या त्या दिवशी घरातून बाहेरच आली नव्हती. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, वहिनीच्या हातचं खाल्लं, आजारपण तिच्याकडून करून घेतलं, आणि तो शब्द परत घेतल्याशिवायच गेली. मी हे सांगताना अजून चिडते आणि वहिनी मला म्हणते, "सोड न आता." मी सोडत नाही. पृथ्वी जुनं कवच गिळून पोटात वितळवते म्हणतात. माणसांची गावं जुन्या गोष्टी नुसत्या गिळतात, वितळवत नाहीत.

पारावरून आम्ही घरी आलो. आई पुढं धावली होती. दारात भाकरतुकडा घेऊन, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. लेकीसारख्या सुनेला घरात घेताना पायांवर पाणी घालायचं, म्हणून तिनं तांब्या तिरपा केला. वहिनीनं पाय मागं घेतले.

"पायावर नोका टाकू, आई," ती म्हणाली. "पायाचं लय झालं आता."

आणि तिनं आईच्या हातून तांब्या घेतला, उन्हातून आलेलं माणूस पितं तसं ते सगळं पाणी घटाघटा प्यायली, आणि आत गेली.